बुजलेली बंदरे आणि यात्रेची जहाजे

भिवंडी शहराच्या एका अंगाला कामतघर नावाची वस्ती आहे. पूर्वी ती गावाबाहेरची समजली जात असे. आता ती शहरातच मिसळून गेली आहे. वऱ्हाळादेवीचा विस्तीर्ण तलाव, देवीचे देऊळ आणि आसमंतात यंत्रमागांचा अखंड खडखडाट, असे तेथील चित्र. भिवंडी म्हटली की कापडाचे माग आणि अलीकडच्या काळातील मालाची प्रचंड गोदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. जहाजे कोणाच्या स्वप्नातही येत नाहीत. परंतु शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत केली, आणि पुढे दोनच वर्षांनी, म्हणजे १६५९ मध्ये, पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात अशी चिंता उमटली की, भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे ह्या नव्या सत्ताधीशाची लढाऊ गलबते बांधली जात आहेत. मराठ्यांच्या आरमाराचा पाळणा ह्या खाडीत हलला. मग ते बंदर कोठे गेले? कामवारी आणि उल्हास ह्या नद्या दर पावसाळ्यात माती आणीत राहिल्या, खाडी उथळ होत गेली, जहाजे मोठी होत गेली, आणि १८५४ मध्ये आगगाडी कल्याणास येऊन पोहोचल्यावर व्यापाराने पाण्याची वाट सोडली. बंदर कोणी उद्ध्वस्त केले नाही. ते हळूहळू बुजले.

भूमध्य समुद्राच्या काठची बायबलमधील स्थळे जहाजाने पाहण्याची जी यात्रा ख्रिस्ती समाजात रूढ आहे, ती समजून घ्यावयाची तर बुजलेल्या बंदराची ही कल्पना प्रथम मनात असावी लागते. कारण त्या यात्रेतील कित्येक तीर्थे ही अशीच, एके काळी लाटांनी धुतलेली आणि आज कोरड्या जमिनीवर येऊन पडलेली बंदरे होत.

अशा यात्रेची घडण साधी असते. एखाद्या चर्चमधील तीस-चाळीस माणसे एका पुरोहिताच्या किंवा जाणत्या अभ्यासकाच्या सोबतीने जमतात. मोठ्या प्रवासी जहाजावरील काही खोल्या त्यांच्यासाठी राखून ठेवल्या जातात. क्वचित सबंध जहाजच भाड्याने घेतले जाते. प्रवास आठवड्याचा, दोन आठवड्यांचा असतो. जहाज रात्री चालते आणि सकाळी बंदरास लागते. यात्रेकरू बसमध्ये बसून अवशेष पाहावयास जातात, तेथे बायबलमधील संबंधित उतारा वाचतात, प्रार्थना करतात आणि सायंकाळी पुन्हा जहाजावर येतात. अथेन्सजवळचे पिरीयस, करिंथ, थेस्सलनीका, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील इफिस, संत योहानाच्या नावाने प्रसिद्ध असलेले पात्म बेट, माल्टा, इटलीचा किनारा, आणि परिस्थिती शांत असेल तेव्हा हैफा किंवा अश्दोद ही इस्रायलची बंदरे, असा साधारण क्रम असतो. हैफाहून नासरेथ व गालीलचे सरोवर, आणि अश्दोदहून यरुशलेम जवळ पडते. परिस्थिती शांत असेल तेव्हा, असे म्हणण्याचे कारण उघड आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात तेथे युद्ध पेटले, तेव्हा अनेक जहाजकंपन्यांनी ती बंदरे आपल्या मार्गातून वगळली.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना पवित्र भूमीची यात्रा अपरिचित नाही. वसई, मुंबई इत्यादि ठिकाणांहून लोक समूहाने जातात. परंतु ते बहुधा विमानाने जातात आणि पुढचा प्रवास बसने करतात. त्या भूमीविषयी मराठीत वाचावयास मिळते, त्यातही भर आहे तो भूमीवरच. ‘सुबोध बायबल’ ह्या ग्रंथासाठी २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ ह्या पुस्तकात तेथील इतिहासाची आणि तंट्याची हकीकत मराठी वाचकांपुढे मांडली. जलमार्गाची यात्रा मात्र थोड्यांच्याच वाट्यास येते. आणि तरीही ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकाचा इतिहास ज्याला समजावयास हवा, त्याला समुद्र टाळून चालत नाही.

येशू ख्रिस्ताचे आयुष्य गालीलच्या टेकड्यांत आणि यरुशलेमच्या रस्त्यांत गेले. त्याने ज्या जलाशयावर नाव चालविली, तो गोड्या पाण्याचा एक तलाव होता. परंतु त्याचा संदेश पॅलेस्टाईनबाहेर पसरला तो समुद्राच्या वाटेने. संत पौलाने ज्या मंडळ्यांना पत्रे लिहिली, त्यांच्या गावांची नावे पाहावीत. करिंथ, इफिस, थेस्सलनीका ही बंदरे. फिलिप्पै बंदरापासून थोड्या तासांच्या वाटेवर. रोमचा तर सारा दाणागोटाच जहाजांनी येई. गलतीया आणि कलस्सै हे अपवाद सोडले, तर ही पत्रे म्हणजे जणू काय एका बंदराने दुसऱ्या बंदरास धाडलेले निरोप होत. ज्या गलबतांतून गहू, तेल आणि मद्य जात असे, त्यांतूनच ती गेली.

जहाजातून तीर्थयात्रा करण्याची प्रथाही जुनीच आहे. पंधराव्या शतकात व्हेनिसहून यात्रेकरूंची जहाजे दर वर्षी याफा बंदरास जात. जहाजाचा मालक ठरावीक रक्कम घेई आणि तीत भाडे, जेवण, वाटेवरील कर आणि यरुशलेमपर्यंतची ने-आण ह्यांचा समावेश असे. आज प्रवासकंपन्या जी ‘सर्व खर्चासह’ योजना जाहीर करतात, तिचा हा पूर्वज होय. आधुनिक पद्धतीची पहिली प्रसिद्ध सफर अमेरिकेतून निघाली. ब्रुकलिन येथील प्लिमथ चर्चच्या मंडळींनी पुढाकार घेऊन ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट ठरविली. भाडे १२५० डॉलर. ती १८६७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कहून निघाली आणि नोव्हेंबरात परतली. ज्यांच्या नावावर ही सफर गाजली, ते प्रख्यात धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर काही गेले नाहीत. पण एक तरुण वार्ताहर गेला. त्याचे नाव मार्क ट्वेन. यात्रेकरूंच्या भाविकतेची आणि भोंदूपणाची त्याने यथेच्छ थट्टा केली, आणि १८६९ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाने त्या सफरीला अमर केले.

त्याच १८६९ साली इंग्लंडच्या टॉमस कुक ह्यांनी आपली पहिली तुकडी इजिप्त आणि पॅलेस्टाईनला नेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या १७ तारखेस सुएझचा कालवा खुला झाला. मुंबई आणि भूमध्य समुद्र ह्यांच्यामधील भिंत पडली. ह्या कंपनीचा मुंबईशीही निराळ्याच यात्रेच्या निमित्ताने संबंध आला. हजच्या यात्रेकरूंचे जहाजांवर फार हाल होत, म्हणून १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने त्यांच्या प्रवासाची व्यवस्था ह्याच कंपनीकडे सोपविली. काही वर्षांनी तो करार संपला. हजची जहाजे मात्र मुंबईच्या धक्क्यावरून पुढेही शंभर वर्षे सुटत राहिली. भिवंडी-कल्याणकडील यात्रेकरूही त्यांवरच चढत. १९९५ मध्ये ती वाहतूक बंद पडली आणि सारे यात्रेकरू विमानाने जाऊ लागले. ज्या घरांतील वृद्धांनी ती जलयात्रा केली, त्यांच्या आठवणींत मक्केइतकाच समुद्र असतो: आठवडाभराहून अधिक काळ दिसणारे पाणी, उलट्यांनी हैराण झालेली माणसे, आणि एका भांड्यात जेवता जेवता जुळलेली नाती. वाट लांब असली की ती यात्रेचाच भाग होते. विमानाने वेळ वाचला. तो भाग मात्र गळाला.

आता ही समुद्राची वाट पौलाच्या काळी कशी होती, ते पाहावे. कोकणातील माणसाला हे समजावयास कष्ट पडू नयेत. ज्येष्ठ लागला की नाखवा होडी किनाऱ्यावर ओढून घेतो, घरोघर आगोटीची बेगमी होते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा शिडे उभारली जातात. महाराष्ट्र सरकारनेही यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी बंदी घालून ह्या जुन्या शहाणपणाला कायद्याचे रूप दिले आहे. भूमध्य समुद्रालाही असेच दार आहे. मात्र ते हिवाळ्यात मिटते. व्हेगेशियस ह्या रोमन ग्रंथकाराने तारखा देऊन ठेवल्या आहेत. २७ मे ते १४ सप्टेंबर हा निर्धास्त काळ. तेथून ११ नोव्हेंबरपर्यंत प्रवास धोक्याचा. आणि त्यानंतर १० मार्चपर्यंत समुद्र बंद.

उन्हाळ्यातही वाऱ्याची एक अडचण असे. त्या दिवसांत पूर्व भूमध्य समुद्रावर वायव्येकडचा वारा चिकाटीने वाहतो. हवामानशास्त्रज्ञ त्याचा संबंध आपल्या नैर्ऋत्य मोसमी पावसाशी जोडतात. म्हणजे कोकणात ज्या महिन्यांत पाऊस कोसळतो, त्याच महिन्यांत त्याच निसर्गचक्राचे दुसरे टोक ग्रीसच्या बेटांवर वारे घालीत असते. ह्या वाऱ्यामुळे रोमहून इजिप्तला जाणारे जहाज सुखाने व लवकर पोहोचे. परंतु इजिप्तचा गहू घेऊन रोमला जाणाऱ्या जहाजास सरळ वाटच नसे. ते प्रथम उत्तरेस आशिया मायनरच्या किनाऱ्याला जाई आणि मग बेटांचा आडोसा घेत घेत पश्चिमेकडे सरके. हंगाम संपण्याच्या आत रोम गाठण्याची अशा जहाजांची नेहमीच धडपड असे.

संत पौलाचा अखेरचा मोठा प्रवास अशाच एका गव्हाच्या जहाजातून झाला. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याची हकीकत आहे. साल साधारणपणे इसवी सन ५९ किंवा ६०. पौल कैसरिया येथे दोन वर्षे कैदेत होता. आपला न्याय खुद्द कैसराने करावा अशी मागणी त्याने केली होती, म्हणून युल्य नावाच्या शताधिपतीच्या पहाऱ्यात त्याची रवानगी रोमला झाली. मुर्‍या बंदरात त्यांना आलेक्सांद्रियाचे जहाज मिळाले. वारा विरुद्ध, दिवसांमागून दिवस गेले, क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एका लहानशा बंदरात पोहोचेपर्यंत यहुद्यांचा शरद ऋतूतील उपवासाचा दिवसही उलटून गेला. म्हणजे हंगाम संपला होता. पौलाने सांगितले, येथेच थांबावे. शताधिपतीने तांडेल आणि जहाजाचा मालक ह्यांचे ऐकले. ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते, पुढचे बंदर चांगले होते, आणि दक्षिणेचा मंद वारा सुटला होता. बहुमताने निघावयाचे ठरले.

थोड्याच वेळात डोंगरावरून ईशान्येचे वादळ उतरले. मचवा कसाबसा वर ओढून घेतला. जहाज फुटू नये म्हणून त्याला दोरखंडांनी आवळले. तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामानही पाण्यात टाकले. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. होकायंत्र नसलेल्या काळात ह्याचा अर्थ असा की, आपण कोठे आहोत हे जहाजावरील कोणासही ठाऊक नव्हते. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा भास झाला. त्यांनी शिसे सोडून पाणी मोजले. वीस वाव भरले. थोडे पुढे पुन्हा मोजले, तो पंधरा वाव. खडकावर आदळू म्हणून त्यांनी जहाजाच्या मागल्या बाजूने चार नांगर टाकले आणि ते उजाडण्याची वाट पाहू लागले. खलाशी गुपचूप मचव्यातून पळू पाहत होते. पौलाने ते ओळखले आणि शिपायांनी मचव्याचे दोर कापले. पहाटे ह्या बंदिवानाने सर्वांना जेवावयास सांगितले. स्वतः भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि ती मोडून खाल्ली. जहाजावर २७६ माणसे होती. जेवल्यावर त्यांनी गहू समुद्रात लोटला. दिवस उजाडला तेव्हा एक वाळूची चौपाटी दिसली. जहाज उथळ पाण्यात रुतले, मागचा भाग लाटांनी फुटला, पण कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सगळेच्या सगळे किनाऱ्याला लागले. ते बेट माल्टा होते. ह्या घटनेचा सण तेथे आजही १० फेब्रुवारीला साजरा होतो.

ही हकीकत केवळ भाविकांनाच रुचते असे नाही. स्कॉटलंडचे जेम्स स्मिथ हे स्वतः शिडाची नौका चालविणारे गृहस्थ. माल्टामध्ये राहून त्यांनी वारे, खोली आणि किनारा तपासला. वादळात सापडलेले तसे जहाज ताशी सुमारे दीड मैल ह्या गतीने वाहवत जाईल, असे धरून त्यांनी क्रेतजवळच्या लहान बेटापासून माल्टापर्यंतचे अंतर त्या गतीने भागले. उत्तर आले तेरा दिवसांच्या आसपास. बायबलमधील लेखकाने चौदावी रात्र सांगितली आहे. १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ प्राचीन नौकानयनाच्या अभ्यासकांना अद्यापि उपयोगी पडतो. ज्याने हे लिहिले तो त्या जहाजावर असावा, असे त्यांना वाटले. श्रद्धा असो वा नसो, वाव मोजून लिहिणाऱ्या माणसाविषयी वाचकाचा विश्वास वाढतोच.

आजचा यात्रेकरू ह्याच पाण्यावरून एका रात्रीत जातो आणि बहुधा झोपेतच जातो. यंत्राला वायव्य आणि ईशान्य सारखेच. त्याला सकाळी दिसतात ते दगड. आणि ज्या पाण्यामुळे ते दगड तेथे आले, ते पाणी बहुधा दिसतच नाही. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण इफिसचे. जहाज इफिसला लागत नाही. लागूच शकत नाही. ते कुशादासी नावाच्या आधुनिक बंदरात थांबते आणि पुढे बसने जावे लागते. ज्या नाट्यगृहात पौलाच्या विरुद्ध रुपेरी देव्हारे करणाऱ्या सोनारांनी दंगा माजविला, ते डोंगराच्या उतारावर अजून उभे आहे. सुमारे २५,००० माणसे त्यात बसत. त्याच्यासमोरून संगमरवरी फरसबंदीचा एक रुंद रस्ता निघतो. त्याचे आजचे रूप पौलानंतरच्या काळातील. परंतु दिशा जुनीच, बंदराची. सुमारे अर्धा किलोमीटर तो ऐटीत जातो आणि अकस्मात लव्हाळ्यांत व दलदलीत संपतो. तेच बंदर. कायस्टर नदीच्या गाळाने ते भरून गेले आणि समुद्र आज तेथून पाच-सहा किलोमीटर दूर आहे. तेथून दक्षिणेस मिलेत नगर आहे. पौलाने इफिसच्या वडील मंडळींना तेथे बोलावून निरोप घेतला, आणि ती मंडळी रडत रडत त्याला जहाजापर्यंत पोहोचवावयास गेली, असे वर्णन आहे. ज्या धक्क्यावर ते रडले, त्याच्या भोवताली आज शेते आहेत. मियांडर नदीने सारे आखातच भरून काढले.

सर्व ठिकाणी गाळच शत्रू ठरला असेही नाही. कैसरियाला नैसर्गिक बंदर नव्हते. हेरोद राजाने इटलीतून ज्वालामुखीची राख आणून, चुन्याबरोबर कालवून, पाण्यात घट्ट होणारे काँक्रीट बनविले आणि भर समुद्रात धक्के बांधले. ते काम त्या काळी अद्भुत गणले गेले. पुढे ते धक्के खचले. आज पाणबुड्यांना ते पाण्याखाली पाहावे लागतात. करिंथला दोन बंदरे होती. पश्चिमेचे लेखेयोन गाळाने भरले, पूर्वेचे किंख्रिया काही अंशी पाण्याखाली गेले. कोठे जमीन समुद्रात शिरली, कोठे समुद्राने जमीन गिळली. जेथे होते तेथे बंदर असे एखादेच राहिले.

ह्या ठिकाणी यात्रेकरूंपैकी काहींची निराशा होते. लांबून खर्च करून यावे आणि पाहावयास काय मिळावे, तर चिखल! परंतु विचार केला असता, त्या चिखलातच ह्या यात्रेचा बोध आहे. मंदिरे पडतात तेव्हा कोणा आक्रमकाला दोष देता येतो. बंदर बुजते तेव्हा दोष द्यावयास कोणी सापडत नाही. इफिसच्या व्यापाऱ्यांनी गाळ उपसला, रोमच्या सम्राटांनी हुकूम काढले. नदी आपले काम करीत राहिली. जे शहर केवळ बंदर म्हणून जगले, ते बंदराबरोबर गेले. तेथून निघालेली पत्रे मात्र राहिली, कारण ती वेळेवर गलबतात चढली होती.

आणि ती गलबते केवळ रोमच्याच दिशेने जात नव्हती. ज्या शतकात पौल भूमध्य समुद्रात हिंडत होता, त्याच शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने ती ओळखली जाते. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे, मोसमी वाऱ्याने भारताचा किनारा गाठावा, असा त्यात सल्ला आहे. आणि सोपारा व कल्याण ह्या बंदरांची नावे आहेत. कल्याणला पूर्वी उघड व्यापार चाले, पण पुढे राजकारण पालटले आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रारही आहे. सोपाऱ्याविषयी तर काही विद्वानांनी असा तर्क केला की, शलमोन राजाची जहाजे जेथून सोने आणीत, ते बायबलमधील ओफीर म्हणजेच हे नगर. तो तर्क सिद्ध झालेला नाही. परंतु तो सुचावा इतके हे बंदर जुने आहे खास. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तेथे मिळाले, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८८२ मध्ये तेथील स्तूप उघडला.

सहाव्या शतकात आलेक्सांद्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी लिहितो की, ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळांचे मत; केरळातील कोल्लम, असे इतरांचे. निर्विवाद अशी घटना आहे ती १३२१ ची, आणि तीही वाऱ्यानेच घडविलेली. इटलीच्या तोलेंतीनो गावचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियातील तिफ्लिसचा डिमीट्रियस हे चौघे ख्रिस्ती भिक्षू होर्मुझहून कोल्लमकडे जावयास निघाले होते. त्यांच्या इच्छेविरुद्ध जहाज ठाण्यास येऊन लागले. तेथे पूर्वेकडील पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे वर्णन मिळते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये धर्माच्या वादातून तत्कालीन अधिकाऱ्यांच्या हुकमाने ते मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्दानुस गुजरातेकडे निघाला असल्याने वाचला. त्याने परत येऊन त्यांना सोपारा येथे पुरले. थोड्या वर्षांनी ओदोरिक नावाचा दुसरा भिक्षू आला आणि त्यांच्या अस्थी जहाजाने चीनला घेऊन गेला. माल्टाच्या जहाजावर २७६ पैकी एकही जीव गेला नाही. ठाण्याच्या खाडीत आलेले वाचले नाहीत. समुद्र तोच, वारा तसाच, नशीब निराळे.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. बायबलमधील स्थळे पाहावयास भूमध्य समुद्रावर जाणारा मराठी यात्रेकरू परक्या मुलखात जात नाही. आपल्याच खाडीतून निघालेल्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. ठाणे, सोपारा, कल्याण आणि भिवंडी हीही त्याच जातीची स्थळे आहेत. त्यांच्याकडे जाणारी जहाजे थांबली, एवढेच. त्याने यात्रा अवश्य करावी. मात्र वाटेवरील एखादी तरी रात्र खोलीत न घालविता वरच्या मजल्यावर घालवावी. क्रेत मागे पडले की सत्ताविसावा अध्याय काढून वाचावा. आणि प्रत्येक अवशेषापाशी मार्गदर्शकाला पहिला प्रश्न विचारावा तो हा: येथे पाणी कोठवर होते? ह्या एका प्रश्नाने अर्धी भिंत, पडका खांब आणि लव्हाळ्यांची दलदल एकमेकांशी बोलू लागतात.

ज्यांना इतके लांब जाणे साधणार नाही, त्यांना हा प्रश्न घराजवळही विचारता येतो. कामतघरच्या तलावाकडून शहर ओलांडून कामवारीच्या काठी यावे आणि ओहोटीच्या वेळी उघडा पडलेला चिखल पाहावा. मागे माग खडखडत असतात, मालमोटारी गोदामांकडे वळत असतात. कापूस आणि कापड अजून येथून जगभर जाते, रस्ता तेवढा बदलला आहे. त्या चिखलाखाली कोठेतरी १६५९ चा धक्का असेल. इफिसच्या संगमरवरी रस्त्याच्या टोकाशी उभा राहिलेला यात्रेकरू जे पाहतो, ते ह्याहून फारसे निराळे नसते.